सायकलीचे दात

त्या सायकलीवर आमच्या घरात सर्वांत जास्त कोण बसलं असेल, तर कोंबड्या. गोठ्याच्या आढ्याला दोन दोर बांधून ती आडवी टांगलेली होती. दिवस मावळला की सात-आठ कोंबड्या धडपडत वर उडायच्या आणि तिच्या दांडीवर रांगेत बसून एकमेकींना ढकलत राहायच्या. सकाळी शेण काढायला गेले की खाली पांढरा सडा पडलेला असायचा, तो माझ्या वाटणीचा. मी एकदा विचारलं होतं, ही सायकल कोणाची. मोठीआई, म्हणजे माझ्या बहिणीची सासू, हात झटकून म्हणाली, "आसंल कुनाची तरी. हितं कुनाला टाइम हाय तिच्याकडं बघायला?" हे आधीच लिहून ठेवते. कारण पुढे याच सायकलीचा याच तोंडाने असा काही इतिहास सांगितला गेला, की ऐकणाऱ्याला वाटावं, या घरात रोज सकाळी आधी सायकलीला हळद-कुंकू आणि मग चहा.

मी मूळची भंडाऱ्याकडची. तळी, धानाची बांधी म्हणजे भाताची खाचरं, आणि दोन्ही वेळा भात, असा आमचा मुलूख. आठवीनंतर माझी शाळा सुटली. कोणी सोडवली नाही, बाप गेल्यावर ती आपोआपच सुटली. थोरली बहीण, सुमाताई, तिला मिरजगावला दिली होती. आमच्याकडे मुली होत्या आणि पैसा नव्हता, इकडे पैसा होता आणि मुलाला मुलगी मिळत नव्हती. एक मध्यस्थ दोन्हीकडचा चहा पिऊन गेला आणि माझी बहीण रात्रभराच्या प्रवासाएवढी लांब गेली. "हुंडा न्हाई घेतला आमी, उलट लगीन बी आमीच लावलं," हे वाक्य त्या घरात मीठ-मिरचीसारखं रोज वापरलं जायचं. ताईच्या बाळंतपणाला मला मदतीला आणलं, ते परत पाठवलंच नाही. माझी तक्रार नव्हती. पोटभर जेवण होतं, अंगावर धड कपडा होता, भाचा माझ्याच मांडीवर मोठा होत होता. त्या घराचे उपकार मी आजही मान खाली घालून मान्य करते. पण उपकाराखाली जगणारं माणूस सतत कानोसा घेत असतं. दारात जीप थांबली की मी हातातलं काम टाकून दाराआड जायची: मला न्यायला तर नाही ना आली? भांडं हातातून निसटलं की आधी मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघायची, मग भांड्याकडे.

घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. ट्रकांचे हॉर्न, गोठ्यातल्या बैलांच्या गळ्यातली घुंगरं, ताईच्या भाकरी थापण्याचा पट्‌पट् आवाज आणि दाजींचं खाकरणं, या चार आवाजांवर माझा दिवस चालायचा. बाजरीची भाकरी मला आधी गिळवतच नसे. मोठीआईने त्यावरून माझं नावच 'भातखाऊ' ठेवलं. "ए भातखाऊ, कालवनात कुस्कर आन गीळ, तुझ्या बापाचं तळं न्हाई हितं." हिवाळ्यात हुलग्याचे शेंगोळे व्हायचे, लसणाचा वास गल्लीभर जायचा, आणि ते मात्र मी दोन वाट्या खायची. मोठीआई ते बघायची आणि तिसरी वाटी स्वतःच वाढायची, वर म्हणायची, "खा. न्हाईतर गावाला जाऊन सांगशील, उपाशी ठिवली." तिचं प्रेमसुद्धा टोमण्यातूनच वाढलेलं असायचं, पण वाढलेलं असायचं.

आता दाजी. दाजी हेडी होते, म्हणजे बैलबाजारातले दलाल. पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल आणि चेहऱ्यावर अशी एक कंटाळलेली नजर, की जगात बघण्यासारखं त्यांनी सगळं बघून झालेलं आहे. बैलाचं तोंड उघडून दात पाहिले की वय, चार पावलं चालवला की खोड, शेपटीला हात लावला की स्वभाव, असं ते सांगत. भाव तोंडाने बोलायचाच नाही अशी बाजाराची रीत. घेणारा आणि विकणारा टॉवेलखाली हात घालतात, एकमेकांची बोटं धरतात, जितकी बोटं तितका आकडा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला कळत नाही. दाजी या कामात खरोखर हुशार होते. वाईट एवढंच, की बैल कळतो म्हणजे आपल्याला सगळंच कळतं अशी त्यांची समजूत होती. डॉक्टरकडे गेले तरी ते डॉक्टरच्या दातांकडे बघायचे.

त्या वर्षी मला अठरावं पुरं होत आलं होतं आणि दाजींचा बाजारातला जोडीदार बापू आमच्याकडे जरा जास्तच यायला लागला होता. बापू चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा, बोटांत तीन अंगठ्या आणि तोंडात कायम तंबाखू. तो माझ्याशी बोलायचा नाही. खाटेवर बसून मी अंगण झाडत असताना बघायचा, मी वळले की नजर पायांवर, चालले की नजर कमरेवर. बाजारात बैल चालवून बघतात ना, तसा. "शिमगा झाला की बोलू," एवढंच दाजी त्याला म्हणाले होते, आणि तेवढं मी भिंतीआडून ऐकलं होतं. ताईला मी रडून सांगितलं. ताईने एकच तोड काढली: शिलाई मशीन. शेजारच्या शिंपीणकाकूंच्या मशीनवर मी ब्लाउज शिवायला शिकले होते, हात बरा बसला होता. मशीन दारात आलं, मी चार पैसे मिळवायला लागले, तर कमावत्या मुलीला घाईने उजवायची गरज उरत नाही, असा तिचा हिशेब. बाजारपेठेतल्या दुकानात पायाचं मशीन साडेपाच हजाराला होतं. दाजी म्हणाले, "साडेपाच हजार? तेवढ्यात एक कालवड येती." विषय संपला.

अशात एका रविवारी दुपारी एका पुणेकर साहेबांची गाडी आमच्या दारासमोर पंक्चर झाली. हे साहेब अर्ध्या चड्डीत होते. पन्नाशीचा, केस पिकलेला माणूस, डोळ्यांवर भारी चष्मा आणि खाली चड्डी. मोठीआईने पदर तोंडाला लावला तो त्यांची गाडी जाईपर्यंत काढला नाही. ड्रायव्हर चाक बदलत होता तोवर साहेब पाणी प्यायला आत आले, गोठ्याकडे त्यांची नजर गेली, आणि तांब्या हातात तसाच धरून ते बैलाला ओलांडून आत शिरले. कोंबड्यांच्या घाणीने माखलेल्या त्या सायकलीखाली उभे राहून ते "ओ माय गॉड, ओ माय गॉड" करायला लागले. दाजींना वाटलं बैलाने लाथ मारली.

"विकायची आहे का?" साहेबांनी विचारलं.

दाजी एका क्षणात गिऱ्हाईक ओळखायचे. तोंडावरची माशीसुद्धा न हलवता म्हणाले, "वाडवडलांची हाय. इकायची काय न्हाई. पन तुमचं मन बसलं आसंल तर बोला."

"तुम्ही सांगा ना."

"तुमी बोला."

"नाही, तुमची वस्तू, तुम्हीच सांगा."

असं बराच वेळ चाललं. दोन शहाणी माणसं, दोघांनाही आकडा माहीत नाही, आणि दोघंही तो माहीत असल्यासारखी गालात हसतायत. शेवटी दाजींनी रीतीप्रमाणे खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आणि हात पुढे केला. साहेबांना वाटलं हा गावाकडचा निरोप. त्यांनी टॉवेलखाली हात घालून दाजींचा अख्खा हात जोरात हलवला आणि म्हणाले, "मी पंधरा दिवसांनी टेम्पो घेऊन येतो. तोवर आकडा ठरवून ठेवा. आणि प्लीज, जशी आहे तशीच ठेवा. काहीही करू नका हं तिला." जाताना फोन नंबराचं कार्ड माझ्या हातात दिलं, कारण वाचणारी म्हणून मीच पुढे उभी होते.

गाडी गेली आणि दाजी खाटेवर बसले. "पाची बोटं धरली गड्यानं," ते म्हणाले. "पयल्याच झटक्याला पाच."

"पाचशे?" मोठीआई.

"येडी का काय तू? गाडी बघितली का त्याची? पाच हजार म्हन. न्हाईतर पाच धा-हजार, म्हंजी पन्नास. आन ही पयली बोली हाय. पयल्या बोलीला कुनी खरं सांगतंय व्हय?"

झालं. एका हस्तांदोलनावर त्या घराने पन्नास हजारांचा इमला उभा केला. संध्याकाळी बापू आला, त्याला सगळं सांगण्यात आलं; त्याने तंबाखू थुंकून साठ म्हटलं. मग रोज तेच. पिठल्यावर तेच, शेंगोळ्यांवर तेच. बैल जोखायचा तसा दाजींनी सायकलीला जोखायला घेतलं. ती खाली उतरवली, भिंतीला टेकवली, मागे सरून पाहिली, पुढे येऊन पाहिली. "ठेवन चांगली हाय. मान उंच हाय." मग मला हाक मारली, "भातखाऊ, दात मोज." मला कळेना. "आगं त्या पुढच्या चक्राचं दात." मी चिखल खरवडून मोजले. अठ्ठेचाळीस भरले. "अठ्ठेचाळीस!" दाजी बापूकडे बघत म्हणाले, "आन एक बी झिजल्याला न्हाई." बापूने गंभीरपणे मान हलवली. बैलाचे खालचे आठ दात पुरे जुळले की त्याला जाणता म्हणतात. अठ्ठेचाळीस दातांचं जनावर त्या दोघांपैकी कोणी पाहिलेलं नव्हतं, तरी भाव चढला.

मोठीआईने इतिहासाची बाजू सांभाळली. पहिल्या दिवशी ती सायकल तिच्या सासऱ्यांनी एका गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. चौथ्या दिवशी त्या साहेबाने ती बक्षीस दिली होती. आठवड्याने साहेब रडत रडत बोटीत बसला होता आणि म्हणाला होता, "पाटील, माझी सायकल जपा." मी भाकरीचा तुकडा तोंडात धरून ऐकत होते. वर कोंबड्या बसायला जागा नाही म्हणून फडफडत होत्या. त्यांना बिचाऱ्यांना हा इतिहास माहीत नव्हता.

आणि खरं सांगायचं तर मीही हसत नव्हते. माझा जीव त्या सायकलीवर टांगलेला होता. ताईने योग्य वेळ साधून दाजींकडून कबूल करून घेतलं होतं: सायकल पाचाच्या वर गेली तर त्यातून मशीन. "बरं बरं," दाजी म्हणाले होते, पन्नास मिळवणाऱ्या माणसाच्या ऐटीत. त्या 'बरं बरं'वर मी दिवस काढत होते. सायकल गेली तर मशीन, नाही गेली तर शिमग्यानंतर बापू. इतकं सोपं होतं ते.

दहाव्या दिवशी दाजी बाजारातून येताना पोपटी ऑइल पेंटचा डबा, काचपेपर, मऊ फुगीर नवी सीट, नवी घंटी आणि रंगीत गोंडे घेऊन आले. मी सहसा त्यांच्यापुढे बोलत नसे. त्या दिवशी बोलले.

"दाजी, पण ते म्हणाले होते, काही करू नका."

दाजी हसले. दया आल्यासारखं हसले. "घेनारं गिऱ्हाईक कवा म्हनतं, जशी हाय तशी ऱ्हाऊ द्या? ज्याला पाडून मागायचं आसतं ते. मी उद्या शिंगं न साळता, न रंगवता बैल बाजारात उभा केला, तर कोन भाव दील? तू किती बैल इकलंस आत्तापावतर?"

"एकपण नाही."

"मंग घास."

आणि मी घासली. हे मला लपवता येत नाही. पेंट दाजींनी आणला, अक्कल दाजींची, पण हात माझे. तीन दिवस मी त्या सायकलीला रॉकेल आणि काचपेपर मारत होते. पहिल्या दिवशी घाण निघाली, आणि खालून काळा तुकतुकीत रंग दिसला. त्यावर केसाएवढी बारीक सोनेरी रेघ, दांडीच्या टोकाला वळून वेलीसारखी झालेली. पुढच्या नळीवर पितळी बिल्ला, त्यावर इंग्रजी अक्षरं. मी बोटाने ती रेघ चाचपत बराच वेळ बसले. मला तेव्हाच कळलं होतं की त्या माणसाला हेच हवं आहे. ते कळायला काही शिकावं लागत नाही. सुरेख काम कोणालाही कळतं. त्याचं कार्ड माझ्याच ट्रंकेत होतं. ताईकडून मोबाईल घेऊन एक फोन करता आला असता. पण दाजी दुखावतील, घरचं खाऊन बाहेरच्याला सामील झाली म्हणतील, परत पाठवतील, या भीतीने मी दुसऱ्या दिवशी पुन्हा काचपेपर घेतला आणि ती रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट, मन लावून पुसून टाकली. माझ्याच मशीनवर मी काचपेपर मारत होते आणि वर दाजी म्हणाले, "शाबास, हात चांगला हाय पोरीचा," तेव्हा मला बरंही वाटलं. आज कोणी मुलगी माझ्या दुकानात अशी खाली मान घालून उभी राहिली की मला आधी तिचा राग येतो, मग कीव येते. दोन्ही मूळची माझीच आहेत.

बापूने स्वतः रंग दिला. दांडी पोपटी. हँडल, शिंगांना लावतात तसं, हिंगुळाच्या लाल रंगाचं. चाकांच्या तारांत बेगड. हँडलच्या दोन्ही टोकांना गोंडे. जुनी चामड्याची तडकलेली सीट, पुढचा पितळी दिवा, घंटी, चामड्याची हत्यारांची पिशवी असं सगळं काढून मोठीआईने गोणीत भरलं, बोहारणीला देऊन टोपलं घ्यायला. सायकल अंगणात उभी केली तेव्हा गल्लीतली पोरं जमली. पोळ्याच्या दिवशीसुद्धा बैल इतका वाईट दिसत नाही. हल्ली केडगावला माझ्या दुकानापासून थोडं पुढे एका हॉटेलवाल्याने दारात अशीच एक जुनी सायकल रंगवून, कॅरिअरवर प्लास्टिकची फुलं ठेवून लावलीय, आणि पुण्याहून येणारी माणसं मिसळ खायच्या आधी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. मी तिथून जाताना मान फिरवते. दाजींना निदान पन्नास हजारांची आशा तरी होती.

ठरल्या दिवशी साहेब आले. टेम्पो आणला होता, त्यात गाद्या अंथरल्या होत्या, सायकलीला खरचटू नये म्हणून. चड्डी तीच. आत आले आणि इकडेतिकडे बघायला लागले.

"कुठंय?"

"ही काय!" दाजी म्हणाले. "वळखू यीना ना?"

साहेब सायकलीपाशी गेले. दांडीवर अंगठा टेकवला. रंग अजून पुरता वाळला नव्हता, अंगठा पोपटी झाला. त्या अंगठ्याकडे ते घरात कोणी गेल्यासारखे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला. "अहो, मी सांगितलं होतं ना तुम्हाला," ते म्हणाले. "तुम्हा लोकांना वस्तूची किंमतच नसते."

तुम्हा लोकांना. गेल्या खेपेला आमच्याच तांब्यातलं पाणी पिऊन गेलेला माणूस. सायकल वापरणारी माणसं हयात होती तेव्हा यांच्यापैकी कोणी विचारायला आलं नव्हतं. आता भिंतीला टांगायला हवी होती म्हणून किंमत. आमच्या कोंबड्या निदान तिच्यावर बसत होत्या. पण हे सगळं मला आत्ता सुचतंय. तेव्हा मला फक्त खाटेवर बसलेला बापू दिसत होता.

"पन्नास," दाजी म्हणाले. बाजाराची रीत मोडून, तोंडाने.

"पन्नास काय?"

"हजार."

साहेब हसले. वाईट हसले. "भंगारवाला सहाशे देईल. त्याला द्या." आणि वळले.

ते दारापर्यंत गेले तेव्हा कोणीतरी बोललं, "जुनं सामान आहे. गोणीत." तो आवाज माझा होता. मी कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. आत गेले, गोणी ओढत आणली आणि त्यांच्यापुढे उपडी केली. सीट पडली, पिशवी पडली, दिवा गडगडत त्यांच्या बुटापाशी गेला. दाजी नेहमी सांगायचे, गिऱ्हाईकाचं तोंड बघायचं नसतं, पाय बघायचे. तोंड खोटं बोलतं. मी पाय बघितले. जायला निघालेले ते पाय जागच्या जागी रुतले. मग गुडघे वाकले. साहेबांनी दिवा दोन्ही हातांनी उचलला, झाकण उघडलं, मिटलं, सीटखालचे शिक्के वाचले, आणि आवाज अगदी सपाट ठेवून म्हणाले, "ठीक आहे. याचं काय घेणार?"

दाजींनी टॉवेल पुढे केला. साहेबांनी तिकडे बघितलंच नाही, बहुधा रागाने. माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारतोय. तू सांग."

बायकांनी दारातला सौदा बोलायचा नसतो; मला ते माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या पायांवरून मला हेही माहीत होतं की हा माणूस पुष्कळ देईल. पण माझ्या डोक्यात आकडा एकच होता, कित्येक महिने दुसरा कुठला आकडा तिथे राहतच नव्हता.

"साडेपाच हजार," मी म्हटलं.

"दिले," साहेब म्हणाले. माझं तोंड मिटायच्या आत. खिशातून नोटा काढून माझ्या हातावर ठेवल्या, सामान गादीवर बाळासारखं निजवलं आणि टेम्पो वळलासुद्धा. पुढे खूप वर्षांनी एका गिऱ्हाईक बाईंनी मोबाईलवर तसला एक दिवा दाखवला, नुसता दिवा, आणि त्याची किंमत मी शून्यं मोजत तीनदा वाचली. पण त्या घटकेला मला एवढंच कळत होतं, की माझ्या हातात मशीन आहे.

आधी बापू हसला. दाजींकडे बघत पोट धरून हसला. "आन्ना! तुझ्या दारात! एका बोलीत माल गेला की रं!"

दाजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. घासाघीस न करता, पहिल्या शब्दाला गेलेला सौदा म्हणजे हेड्याच्या घरात चोरी होण्यासारखं. मी घाबरून नोटा त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी हात पाठीमागे घेतले.

"माझ्याजवळ आनू नकू ते. ज्याच्या हातावर पैसा पडला त्याचा सौदा. सगळा बाजार ह्याच रीतीनं चालतो. ह्यो माझा सौदा न्हाई. गिऱ्हाईकाच्या तोंडात आकडा यायच्या आदी ह्या पोरीनं माल दिला. ह्यातला रुपाया मी शिवलो तर उंद्या बाजारात तोंड कुठं दावू?"

"मंग काय चुलीत घालती?" मोठीआई म्हणाली.

ताई दारात बाळाला कडेवर घेऊन उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला नको ना? मग मशीन आणते तिचं. तुमच्या घराला विटाळ नको."

दाजींनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. मग माझ्याकडे न बघता बापूला म्हणाले, "आन तू काय हसतुयास? न्यायची तर ने हिला. पन आदीच सांगून ठिवतो, पयल्या बोलीला माल देती. दोन सालात तुझं घरदार इकून मोकळी व्हईल." बापूचं हसणं थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं, या खेपेला कमरेकडे नाही, सरळ तोंडाकडे, आणि तोंड फिरवून तंबाखू थुंकला. नंतर तो आला तो बैलांच्या कामापुरता. शिमगा आला आणि गेला, कोणी काही बोललं नाही. दाजींनी मला वाचवलं असं मी कधी म्हणत नाही. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. त्यांना माझी लाज वाटली, एवढंच. काही काही वेळा माणसाला दुसऱ्याच्या मायेपेक्षा त्याचा तिरस्कारच जास्त उपयोगी पडतो, हे मी त्या अंगणात शिकले.

दुकान बंद व्हायच्या आत आम्ही दोघी बाळाला घेऊन धावतच पेठेत गेलो. दुकानदार म्हणाला साडेपाच. मी नोटा पुढे करणार, तोच ताईने माझा हात दाबून धरला आणि म्हणाली, "साडेचार." मग त्या बाईने, जिला मी त्या घरात कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, अर्धा तास त्या माणसाला घाम फोडला. ती दोनदा दुकानाच्या पायऱ्या उतरली आणि दोनदा परत बोलावली गेली. मशीन पाच हजारांना मिळालं, वर तेलाची बाटली आणि सहा बॉबिन. ढकलगाडीवर मशीन लादून आम्ही मागून चालत होतो. मी म्हटलं, "ताई, घरी गेल्यावर दाजींना सांगू का, तू कसा भाव पाडलास?"

"अजिबात नको," ती म्हणाली. "उगाच त्यांना बरं वाटेल."